सावंतकाकांचा इंटरकॉम

अरे, आमच्या सावंतकाकांचं ऐकलंस का? साध्या कॉम्प्युटरवर इंटरकॉम चालवणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे ना, त्याची मी नवख्यांसाठी मराठीत माहिती लिहिली. तपासायला म्हणून फुलपाड्याला काकांना दिली. म्हटलं, त्यांना जमलं नाही तर माझी मेहनत पाण्यात.

काकांचा फोन आला. "अरे, नुसता वाजतो. आवाज काही येत नाही."

मी सगळ्या सेटिंग पुन्हा तपासल्या, डोकं पिकलं. शेवटी त्यांच्या घरीच गेलो. "काका, माझ्यासमोर लावून दाखवा."

काकांनी हॉलमधून नंबर लावला. किचनमधला फोन एकदा वाजला आणि काकांनी कट केला.

"अहो, का कापलात?"

"मिस्ड कॉल दिला ना. आता ती करेल."

किचनमधून काकू म्हणाल्या, "मी मघाशी दिला होता. यांनी कुठे केला परत?"

घरी येऊन मी एक ओळ वाढवली: 'हा कॉल फुकट आहे, समोरचा उचलेपर्यंत कापू नका.'

परवा नेटवर त्या माहितीखाली नांदेडच्या कुणा अनोळखी बाईंनी लिहिलंय, "या ओळीनंतर आमचाही सुरू झाला."