पाठमोरा ड्रमवाला

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आमचे सासरे साठच्या दशकात अंबरनाथला रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचे. परवा कपाट आवरताना चौघांचा फोटोच सापडला. सगळे सोळा-सतराचे, आणि एक जण चक्क कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा!

"बाबा, हा कोण?"

"मोहन. आमचा ड्रमवाला, उल्हासनगरचा सिंधी. 'बँडमध्ये दिसलास तर घरात घेणार नाही,' असं वडिलांनी बजावलं होतं त्याला. आणि स्टुडिओवाला फोटो दुकानाच्या काचेत लावणार होता. म्हणून पाठ केली."

"मग वाचला ना?"

"कुठला! वडील शिंपी होते गं. शर्ट त्यांनीच शिवलेला, पाठीवरूनच ओळखला. काचेतला फोटो मागून घेऊन थेट आमच्या तालमीला हजर. मोहन ड्रममागे लपला."

"मारलं त्याला?"

"छे! फोटोवर बोट ठेवून आम्हा तिघांवरच ओरडले, 'तुम तीनों के शर्ट किसने सिये? कंधे तो देखो! मेरा बेटा ऐसों के साथ खड़ा रहेगा? कल दुकान पे आओ, नाप देने!'"