नाकातली मधली भिंत

खण्ण... असा आवाज आला होता बघा, पन्नास वर्षं झाली असतील. मी नवा गवंडी, एका बाईंच्या न्हाणीघरातली मधली भिंत पाडत होतो, आणि भिंतीच्या पोटात नळ. घाव बसला, पाणी थेट छताला, आणि बाई निथळत म्हणतात, "भिंत पाडायला सांगितली होती, कारंजं नव्हे." तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, मधली भिंत दिसली की मी आधी ठोकून ऐकतो...

आणि तीच भिंत म्हातारपणी माझ्या नाकात निघावी? जन्मभर नाकासमोर चाललो, आणि डॉक्टर नाकातूनच आत चालत गेले, मेंदूखाली वाटाण्याएवढी गाठ होती ती काढून आले. सात महिने झाले. दर महिन्याला नाकात औषधाचा फवारा मारतात, दुर्बीण घालतात, आणि समोर पडद्यावर माझ्याच डोक्याचा तळमजला, गुलाबी, ओला, गिलावा इतका गुळगुळीत की मला जमला नसता.

मोठे डॉक्टर शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवतात, "हे छत. अंड्याच्या टरफलासारखं हाड, वर लगेच मेंदू. ही धडधडते ती मेंदूला रक्त नेणारी वाहिनी. आणि हा मधल्या भिंतीचा उरलेला बुंधा, वाहिनीच्याच हाडावर टेकलाय. म्हणून ही भिंत पिरगळून उपटायची नाही, कापायची. का?"

मी नाकात नळी घेऊनच म्हटलं, "पोटात नळ आहे म्हणून."

काय हसले हो सगळे... सहा-सात माणसं, माझ्याकडे बघून. त्याआधी इतक्या माणसांनी मला एकदम बघितलं ते माझ्या लग्नात.

आता नियम असा, की सोबत कुणी असल्याशिवाय दुर्बीण नाही. एक शिकणारी डॉक्टरीण आहे, ती कागदावर लिहून घेते. "आजोबा, सोबत कोण?" मी म्हणतो, "मुलगा. गाडी लावतोय." पुढच्या महिन्यात पुन्हा, "अजून जागा मिळाली नाही का हो?" "गर्दी फार. मुलगा गाडी लावतोय." खोटं कसं म्हणणार? तो दोन देशांपलीकडे राहतो, गाडी आहे त्याच्याकडे, कुठेतरी लावतच असेल की.

आज मोठे डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आत सगळं कोरडं, स्वच्छ. आता यायचं कारण नाही." आणि सगळ्यांना घेऊन पुढच्या माणसाकडे गेले. आनंदाचीच गोष्ट ना? मग मला काय सुचलं कोण जाणे, मागे राहिलेल्या त्या डॉक्टरणीला म्हटलं, "बाळ, डावीकडून बघतेस जरा? टपटप गळल्यासारखं वाटतं."

तिनं परत दुर्बीण घातली. छत बघितलं, वाहिनी बघितली, बुंधा बघितला, सावकाश. काही गळत नव्हतं... नाकातून तरी. डोळ्यांतून आलं थोडं, ते दुर्बिणीनं येतंच. तिनं कापसानं पुसलं. दाराबाहेरच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं. मी म्हटलं, "मुलगा..."

तिनं कागदावर पुढच्या महिन्याची तारीख घातली, 'सोबत कोण' याच्यापुढे मी न सांगताच लिहिलं, 'मुलगा, गाडी लावतोय', कागद माझ्या खिशात सरकवला आणि निघून गेली.