बाबांचं कोलेस्टेरॉल आणि माझी अक्कल

...म्हणजे माणसाने घरात काही बोलायचंच नाही का? तुम्हाला सांगते, मी बॉटनीत एम.एस्सी. करतेय, दिवसभर लॅबमध्ये साली उकळते, पानं वाटते, अर्क गाळते, त्यात एकदा जेवताना तोंडातून निघून गेलं की बाबा, मेथी आणि गुग्गुळाच्या अर्काने चरबी उतरते म्हणे, उंदरांवर प्रयोग झालेत... एवढ्याने काय बिघडावं? सगळंच बिघडलं. अक्कल कोणी पाजळली? मीच.

आमचे बाबा, श्यामकांत, गिरणी बंद पडल्यापासून बोरीवलीच्या घरात खुर्ची धरून. पोट असं की पेपर वाचायला टेबल लागत नाही, वरच पसरतात. डॉक्टर रोझारिओंनी रक्त तपासून सांगितलं, "कोलेस्टेरॉल चढलंय, श्यामकांत. तेलकट बंद, रोज चालायचं. नाहीतर तुझं हार्ट पण संपावर जाईल." संप म्हटल्यावर बाबा टरकले, निमूट चालायला लागले. आणि तेवढ्यात मी बोलले.

झालं. चालणं बंद. आई रोज भिजवलेली मेथी वाटणार, गुग्गुळ घालून उकळणार, फडक्यातून गाळणार. बाबा नाक दाबून पिणार आणि वाटी खाली ठेवून लगेच म्हणणार, "आता वडे आण." मी म्हटलं, अहो बाबा, तेलकट बंद ना? तर म्हणतात, "घेतलंय मां औषध? मगे?" म्हणजे बघा, ते औषध नव्हतंच, तो परवाना होता. मटणाच्या सागोतीत खोबरं वाढलं, भातावर तूप वाढलं. खालचे शिवदासकाका येऊन सांगून गेले, "माका पण एक बाटली दी गो, तू सायन्सवाली, तू खोटा कशाक सांगशीत?" जिन्यात मेथीचा घमघमाट. अक्कल कोणी पाजळली? मीच.

मग नवा रिपोर्ट आला. आकडा आणखी वर. डॉक्टर भडकले, "अरे, खातोस काय तू?" आणि बाबा काय म्हणाले माहितीये? मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टर, पोरीचं औषध एक नंबर आहे हो. माझंच शरीर नालायक."

मेल्याहून मेले मी तिथे. इतकी वर्षं बोंब मारतेय, ही मोठी माणसं आमचं काही ऐकत नाहीत. यांनी ऐकलं, तर अर्धंच ऐकलं... आणि उरलेलं अर्धं मी सांगितलंच नव्हतं.

बाहेर पडल्यावर सांगितलं. म्हटलं, बाबा, माणसांचं अजून काही नक्की नाही, ते नुसते उंदीर होते.

"पण उंदरांना गुण आला ना?"

"आला. पण त्यांना खायला मोजून द्यायचे. वडे नाहीत."

बाबांनी रिपोर्टाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "बिचारे."

सांगा आता, अशा माणसावर ओरडायचं कसं? तेव्हापासून रोज सकाळी मीच त्यांना नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत चालवते. जाताना ठीक असतात, येताना वड्याच्या गाडीपाशी पाय आपोआप थांबतात. "चाललंय मां एवढा? मगे?" नाही म्हणायला तोंड कुठलं? हृदय त्यांचं, वाट लावली मी. म्हणून दोन वडे घेते, अर्धा त्यांना देते, दीड स्वतः गिळते... जेवढं माझ्या पोटात जाईल तेवढं त्यांच्या पोटात जाणार नाही, एवढंच माझं सायन्स उरलंय.

आणि उतरलं हो बाबांचं कोलेस्टेरॉल, पूर्ण नाही, पण बरंच. डॉक्टरांनी पाठ थोपटली. शिवदासकाका सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलेत, मेथीनेच उतरलं म्हणून.

काल ड्रेस शिवायला टाकला. टेलरने कमरेला फीत लावली, काढली, परत लावली, आणि हळूच विचारलं, "ताई, माप जुनंच ठेवू, की खरं लिहू?"

म्हटलं, लिहा खरं. आणि शिलाईत थोडं कापड सोडा... बाबांचा रिपोर्ट अजून पूर्ण खाली यायचाय.