बोल्टातली पिन

"सरका की, बंदूक बरगडीत टोचतीय माज्या."

"थांब गं तेजश्री. काल बोल्ट खोलून तेल लावलं, आज जोडताना आतली गोळी उडवायची पिनच न्हाई."

केजच्या ठाण्यात निवडणुकीआधी बंदुका जमा करायची रांग. माझ्यापुढं नवरा, बायको आणि त्याची आई.

"पिशवीत बघा."

"बघितलं. साहेब इचारल, पिन कुठंय? लायसन जाईल माजं!"

"जाऊ द्या की."

"कावून? रानडुकरं तू हाकलणार का?"

"आत्याबाई, द्या आता त्यांची पिन."

"आई, तू घेतलीस?"

"परवा हिच्यावर चिडून बंदूक काढलीस ना, म्हनून."

"अगं, मी काय करनार हुतो?"

"ते म्हाईत न्हाई. इजू, आमाला डुकराची न्हाई, तुजी भीती वाटती."