धाकट्यांपासून

टपाल कचेरीच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरलीच्या हातात जाड पाकीट होतं. शिंपीणबाईंना ऐकायचं नव्हतं, पण कानांना काही झाकण नसतं.

“ताई, हा अर्ज तरी वाचतील का गं ते?”

“वाचतील की. जगाची परिषद आहे ती. आपल्यासारख्या समुद्रात बुडालेल्या गावांनाही मताचा हक्क द्या, एवढंच तर मागतोय आपण.”

“मागच्या वर्षी तर तू स्वतः गेली होतीस.”

“गेले होते. गळ्यात पट्टी अडकवली, ‘निरीक्षक’. म्हणजे नुसतं बघत बसायचं. मतदानाला मी आपला हात वर केला, तर मोजणारा हसून म्हणाला, बाई, तुमचा हात मोजणीत धरत नाहीत.”

“आणि बोलायला?”

“दोन मिनिटं. म्हटलं, भाषण कशाला ठोकायचं? समुद्रानं नेलेल्यांची नावं वाचते.”

“सगळी?”

“थोरल्यांपासून सुरुवात केली गं. आपल्यात तशीच घेतात ना! आधी आजोबा, मग मोठे काका... चाळिसाव्या नावाला माईक बंद.”

“माझं बाळ बावन्नावं. शेवटचं.”

“ठाऊक आहे मला.”

रांग पुढे सरकली. दोघी सरकल्या नाहीत. शिंपीणबाईही नाहीत.

“या अर्जात नावं धाकट्यांपासून लिहिलीत. पहिलं त्याचंच आहे. बघ.”

“मी नाही बघत. तूच वाच. मोठ्यानं वाच, ताई. इथे बंद करायला माईकच नाही.”