हॉटेलाची समोरची भिंत

पंचफुला : माझ्या सिंधूला लेक झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी लातूर जिल्हा झाला, अप्पा. आज बारावा दिवस. तिकडं पाळणा बांधलाय, आन् मी नातीचं बारसं सोडून हितं चूल पेटवून राहिले. हे ब्याऐंशी साल माझं हाय. आता तुमी फोटो काढ म्हणू नका.

वीरण्णा : काढ कुठं म्हटलं? आत लाव म्हटलं. चुलीच्या वर, तुझ्या डोळ्यांसमोर. गिऱ्हाइकाला कशाला दाखवतेस?

पंचफुला : बाबासाहेबाला धुरात बसवू?

वीरण्णा : हे बघ, गाळा माझा आहे म्हणून नाही सांगत. तीस वर्षं गावच्या फाट्यावर हॉटेल चालवलंय, म्हणून सांगतो. माणूस आत शिरताना आधी भिंत बघतो, ताट नंतर. बालाजी दिसला की वाणी बसतो. ७८६ दिसलं की मुसलमान बसतो. माझ्याकडं बसवेश्वर होते, म्हणून वलांडीपासूनची आमची लिंगायत माणसं डोळे झाकून जेवायची. मालक कोण, चुलीवर काय शिजतं, पाणी कुणाच्या हातचं, सगळं भिंत सांगते.

पंचफुला : मग माझी भिंत बी सांगंल की.

वीरण्णा : सांगेल, अन् बाकं रिकामी राहतील. समोर कलेक्टर कचेरी आली. औशाचा, निलंग्याचा शेतकरी कागद घेऊन येणार. दारातून डोकावणार अन् पुढच्या हॉटेलात जाणार. बकऱ्या विकून भांडी घेतलीस तू.

पंचफुला : सहा बकऱ्या. एक गाभण होती.

वीरण्णा : म्हणूनच जीव तुटतो. वर्षभर फोटो आत ठेव. लोकांच्या जिभेला तुझी चव लागू दे. मग लाव बाहेर.

पंचफुला : म्हंजी आधी खाऊ घालायचं आन् मागून सांगायचं, कुणाच्या हातचं खाल्लं ते. तसं एकदा करून झालंय, अप्पा. तुमी आन् मी मिळूनच केलं.

वीरण्णा : कधी?

पंचफुला : इसरलात? बहात्तरचा दुष्काळ.

वीरण्णा : हळू बोल.

पंचफुला : कोण हाय ऐकायला? हे माझे दीर, निवृत्तीभावजी. विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावरून सुट्टी काढून आलेत, वैनीचं हॉटेल बघाया. तवा तुमच्या गाडीत पिपं ह्यांनीच चढवली.

निवृत्ती : हाव. रोज दोन पिपं. उजाडायच्या आत.

पंचफुला : गावच्या विहिरीत भेगा पडल्या, आन् आमच्या वस्तीतल्या आडाला तेवढं पाणी राहिलं. तुमी माझ्या मालकापुढं उभे राहिलात, ‘साहेबराव, हॉटेल बंद पडतंय’. ते म्हणले, न्या. चार म्हैने साऱ्या गावानं आमच्या आडाचा चहा पिला. पाटील पिला, भटजी पिला. कुणाला जुलाब झाले न्हाईत.

वीरण्णा : नाही झाले. पाणी गोड होतं तुमचं.

पंचफुला : आन् आमच्या कपबशा कुठं होत्या? बाहेर, खिडकीत. चार कप, एकालाबी कान न्हाई. आमचंच पाणी, आन् आमालाच बाहेर उकिडवं बसवून पाजलं. प्यायचं, धुवायचं, पालथं घालायचं. आत भिंतीवर तुमचे बसवेश्वर. त्यांनी तर शिवाशिव मानलीच न्हाई म्हणतेत.

वीरण्णा : नाही मानली. तेही मला वाचता येत होतं. पण खिडकीतले कप आत घेतले असते, तर आतली माणसं बाहेर गेली असती. एन माडोदु, काय करायचं? मी धंदा करत होतो.

पंचफुला : मी बी धंदाच करून राहिले. पर भिंत एक बोलंल आन् खिडकी दुसरंच बोलंल, असला धंदा न्हाई करायचा मला.

निवृत्ती : वैनी, चहा मिळंल का? तुमच्या बोलण्यात अर्धा आटला.

पंचफुला : या, भावजी. पहिलं गिऱ्हाईक तुमी. दारात नका टेकू, मधल्या बाकावर बसा. घ्या, कानाचा कप.

निवृत्ती : झ्याक झालाय. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात असाच गोड चहा मिळतो. तिथं डोक्याला फडकं बांधायचं आन् सगळ्यांनी एका वळीनं बसायचं. आमचा मुकादम माझ्या मांडीला मांडी लावून जेवला. बाहेर आला आन् वळख दाखवली न्हाई.

वीरण्णा : ऐकलंस? आतली रीत दाराच्या आतच राहते.

पंचफुला : मग मी दार उघडं ठिवते.

वीरण्णा : तुझ्यापुढं वकील हरेल. अरे, निवृत्ती, उठलास का?

निवृत्ती : हितंच, मोरीवर.

पंचफुला : काय करून राहिले, भावजी?

निवृत्ती : कप धुतला.

पंचफुला : आन् ठिवला कुठं?

निवृत्ती : खिडकीत.

पंचफुला : पालथा?

निवृत्ती : हाव.

पंचफुला : भावजी, हे आपलं हॉटेल हाय.

निवृत्ती : हाय की. मला ठावं हाय. हातानंच केलं, वैनी. मला इचारलं न्हाई.

पंचफुला : पन्नाशीचा माणूस, आन् भावजयीच्या हॉटेलात कप धुतो! हसा की, अप्पा.

वीरण्णा : हे माझ्या हॉटेलानं शिकवलं त्याला.

पंचफुला : तुमच्या एकट्याच्या न्हाई. लई हॉटेलं होती तसली.

वीरण्णा : पण हा माझ्या खिडकीशी उभा राहायचा. फाट्यावरचं दुकान मोडून सात वर्षं झाली, अन् याचा हात अजून तिथंच आहे. निवृत्ती, उचल बाबा तो कप. मोरीत टाक. हॉटेलवाली धुवेल, तिचं काम आहे ते.

निवृत्ती : टाकतो, अप्पा.

वीरण्णा : पंचफुला, खिळा कुठं मारलास?

पंचफुला : ह्या बाजूच्या भिंतीला. का?

वीरण्णा : तिथं उजेड कुठं पडतो? रस्त्यावरून काय दिसणार? समोरच्या भिंतीवर घे, दाराच्या नाकासमोर. जरा खाली, हार घालायला हात पोचला पाहिजे. लावायचाच तर नीट लाव.

पंचफुला : चहा घेता?

वीरण्णा : नाही. खोटं कशाला बोलू, घशाखाली उतरणार नाही. वय गेलं त्यात. उद्या येईन, बसेन.

पंचफुला : बसा. बाक कुणाला न्हाई म्हणत न्हाई.

(अडीच वर्षांनंतर, त्याच हॉटेलात, दुपारी. बाकं भरलेली. निवृत्ती आता इथंच कामाला. वीरण्णांचा मुलगा गुरुपादप्पा दारात उभा.)

गुरुपादप्पा : मावशी, अप्पा गेले.

पंचफुला : काय बोलतोस? काल हितं बसून पेपर वाचला की रं त्यांनी.

गुरुपादप्पा : सकाळी नऊला गेले. पूजा करून उठले अन् बसले ते बसलेच. चारला माती आहे. आज घरात चूल पेटायची नाही, अन् निलंग्याचे, औशाचे पाहुणे येऊन बसलेत. चाळीस जणांचं पिठलं-भाकरी पाठवता का?

पंचफुला : त्यांना सांगितलंस का, कुठून येणार ते?

गुरुपादप्पा : सांगितलं. चुलत्यानं पाठ फिरवली. उपाशी राहीन म्हणाला. आणखी दोघं-तिघं आहेत तसे. बाकीचे म्हणाले, आण.

पंचफुला : अडीच वर्सं रोज आले. घोटभर चहा न्हाई घेतला माझ्या हातचा.

गुरुपादप्पा : घरी येऊन सांगायचे. पंचफुला आलं जास्त घालते, वास पार नाक्यापर्यंत येतो.

पंचफुला : हे आज सांगतोस व्हय? जा, तू घरी जा. आईपाशी बस. पन्नास जणांचं पाठवते.

गुरुपादप्पा : चाळीसच आहेत, मावशी.

पंचफुला : चुलत्याला बी भूक लागंल की. बसलेल्यांनो, सावकाश जेवा, पर नवं ताट लागणार न्हाई आता. भावजी, ती पाटी आन् खडू द्या इकडं.

निवृत्ती : काय लिहिता, वैनी?

पंचफुला : आज हॉटेल बंद. वीरण्णा उंबरगे वारले. मंगळवार, बारा मार्च, एकोणीसशे पंच्याऐंशी.