तडकलेल्या कुंडीचा सूर

या माउलींनो, जरा जवळ सरका. कुंभाराच्या दुकानात रांगेत उभं असताना कानावर पडलेली गोष्ट सांगतो. माझ्यापुढची ताई काठीने एकेक कुंडी वाजवून बघत होती.

“ताई, ही काय कलिंगडं आहेत ठोकून बघायला?” कुंभारकाका म्हणाले.

“वाद्य शोधतेय, काका. रविवारी कार्यक्रमात वाजवायचंय. आधीची कुंडी काल फुटली.”

“मग ही न्या. खणखणीत!”

“खणखणीत नको. थोडी तडकलेली हवी.”

“माझ्या दुकानात? शोधून दाखवा!”

“रागावू नका. आमच्या संगीताच्या बाई ब्याऐंशीच्या आहेत. दोन वर्षं मागे लागून त्यांच्याकडून ही रचना लिहून घेतली. शेवटचा ठोका तडकलेल्या कुंडीवरच हवा, म्हणाल्या. रविवारी पहिल्यांदा ऐकायला येणार आहेत.”

“आणा ती कुंडी इकडे. अहो, माझी हातोडी कशाला उचलताय? मला द्या. तुम्ही ठिकऱ्या कराल.”

“काका, चांगली कुंडी…”

“गप्प बसा आणि कान द्या. एवढं?”

“अजून किंचित.”

“आता?”

“अंहं. अगदी केसभर.”

“बाईंना खरखर आवडते की घरघर?”

“खरखर.”

“मग असं.”

“हाच! काका, हाच!”

मंडळी, रविवारी त्या ताईच्या कार्यक्रमाला याल आणि तो शेवटचा ठोका ऐकाल, तेव्हा टाळ्यांआधी क्षणभर त्या कुंभारकाकांची आठवण काढा.